जलमंत्री

पांढऱ्या फेट्यातला तो म्हातारा तिसऱ्या दिवशीही समोरच्या टपरीपाशी उभा होता. भिकनरावांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

“आज बी उभा शे,” ते म्हणाले.

त्यांची बायको सरलाबाई गहू निवडत होत्या. “सिनेमा दखा व्हई त्यानी. दुसरं काय?”

सिनेमा म्हणजे शहाद्याच्या कुंदनने मोबाइलवर दाखवायला काढलेली अहिराणी चित्रपटांची मालिका. तीनशे वर्षांनंतरची गोष्ट. माणसं दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलेली. तिथे राष्ट्राध्यक्ष, सेनापती, यंत्रमानव. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून भिकनरावांनी त्यात जलमंत्र्याचं काम घेतलं. काम छोटं. राष्ट्राध्यक्षाच्या शेजारी बसायचं आणि मान डोलवायची. पण दुसऱ्या भागात याच मंत्र्याने वर न बघता एका कागदावर सही केली आणि खालच्या वस्तीवर पाणी सोडलं गेलं. तो प्रसंग पहिल्याच खेपेला जमला.

“काका, हाई कोठे शिकनात तुम्ही?” कुंदनने विचारलं होतं.

“सरकारी नोकरीत,” भिकनराव म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

तो भाग त्यांच्या गावात, म्हसावदमध्ये, घरोघर पाहिला गेला. दूध घालणारी मोहिनी बोलेनाशी झाली. कोणीतरी दाराला चिखल फासला. किराणा दुकानात मागून आवाज आला, “हाऊच तो, लोके बुडावनारा.” भिकनरावांनी हसण्यावारी नेलं. लोकांना राग येतो म्हणजे काम चांगलं झालं, असं कुंदन म्हणायचा.

हा म्हातारा मात्र काहीच बोलत नव्हता. डोंगराकडचा दिसत होता. आठवडी बाजारात भिकनराव वांग्यांचा भाव करत असताना तो पलीकडून जात होता. त्यांचा आवाज कानावर पडताच तो थांबला, वळला आणि बघतच राहिला. मग दहा पावलांचं अंतर ठेवून घरापर्यंत मागे आला. तेव्हापासून तो समोर होता.  अंगणातलं वाळत घातलेलं धोतरसुद्धा भिकनराव आणायला जात नव्हते.

“पोलिसमा सांगू का?”

“काय सांगशात? मानूस रस्तावर उभा ऱ्हास म्हनीसन?” सरलाबाई म्हणाल्या. “इचारा तरी त्याले, काय पाहिजे ते.”

विचारायची हिंमत त्यांना झाली नाही.

चौथ्या दिवशी विसरवाडीला तिसऱ्या भागाचं चित्रीकरण होतं. भिकनराव मागच्या दाराने निघाले, उसाच्या शेतातून फाट्यावर आले आणि मिळाली ती एसटी पकडली. नंदुरबारला गाडी बदलली. नवापूर रस्त्याला लागल्यावर त्यांचा डोळाही लागला.

विसरवाडीला ते उतरले. ऊन चढलं होतं, ट्रक धूळ उडवत जात होते. कुंदनची गाडी अजून आली नव्हती. त्यांनी सहज मागे पाहिलं.

एसटीच्या दांड्याला धरून तो म्हातारा सावकाश खाली उतरत होता.

 भिकनराव एका बंद दुकानाच्या ओट्याकडे सरकले आणि पाठ शटरला टेकली. म्हातारा आला आणि हातभर अंतरावर उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते, पण त्याने भीती कमी झाली नाही.

“हे बघा बाबा,” भिकनराव घाईघाईने म्हणाले, “तो मंत्री मी नाही. ती नुसती गोष्ट आहे. सही केली, पाणी सोडलं, माणसं बुडाली, सगळं खोटं. मी साधा माणूस. माझ्या हातून कुणाचं काही वाईट झालेलं नाही.”

म्हाताऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. ओळखीची खात्री पटावी तशी त्याने मान हलवली.

“सिनेमा मी नाय पाह्यला, साहेब,” तो म्हणाला. “मी रेवजी. धरणाचं पाणी यायच्या आधी आमच्या पाड्यावर बुडणाऱ्या घरांची यादी करायला तुमीच आला होता. माझ्या दारात खाटेवर बसून, माझ्या बायकोच्या हातचं पाणी पिऊन, तुमी लिवलं, इथं कोणी राहत नाय.”