ताईने विणलेला मफलर

शांत खोलीत कप टेकवल्याचा आवाज झाला. शेजारच्या तिवारी दीदींनी चहा अर्धवट ठेवला होता. टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हने माझ्या ताईचा खुनी नुकताच पकडला होता. पोलिसांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, म्हणून बाबांनीच मालिकावाल्यांना घरी बोलावून सगळं सांगितलं, ताईने त्यांच्यासाठी विणलेला मफलरही दिला. “खरं वाटलं पाहिजे,” म्हणाले. आज मदन महल वस्तीतली आमची अख्खी गल्ली त्यांनी बघायला बोलावली. मालिकेत तोच मफलर बापाच्या गळ्यात होता. शेवटी बापाने त्याच मफलरने पोरीचा गळा आवळला. “अच्छा, चलते हैं भाईसाहब,” म्हणत दीदी उठल्या, मग सगळेच. “अरे, कहानी झूठी है! चाय तो लीजिए,” बाबा दारापर्यंत विनवत गेले. परतल्यावर त्यांनी नातीला घ्यायला हात पसरले. ती माझ्यामागे लपली नि पुटपुटली, “आई, आजोबांनी मावशीला काहून मारलं?”