हवेचा धडा

"उस्ता, हवेच्या धड्यातून बाहेर पडायचा विचार आहे की नाही?" रिहाबने विचारलं. "लोक चार दिवसांत पुढे जातात. तुमचा दुसरा हिवाळा लागला."

वागदी काउंटरपाशी उभा होता. टोपीतून पाणी निथळत होतं. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी अलेक्झांड्रियातले लोक त्याला उस्ताच म्हणत.

"डोकं जड आहे माझं," तो म्हणाला.

"जड कसलं? गेल्या चाचणीत 'ऊन' विचारलं तर तुम्ही 'मासा' म्हणालात. शेवटच्या बाकावरचं पोरगंही असं चुकत नाही."

"मासा आवडतो मला."

रिहाब हसली. इंग्रजी संभाषणाच्या त्या वर्गात सगळं शिक्षण फोनवरच चाले, आणि कोण कुणाशी बोलणार हे तीच ठरवी. हसता हसता ती गंभीर झाली.

"आता माझं ऐका. मालकांनी नवा नियम केलाय. आज पुढचा धडा घेतला नाहीत, तर तुमची बाई बदलणार. मिसेस एलन दुसऱ्या कुणाला देणार, तुम्हाला मिस्टर जॉर्ज."

"मला मिसेस एलनच हव्यात."

"पहिल्या दिवसापासून हाच हेका. इतक्या लांब ब्रायटनला राहणारी म्हातारी, तोंडही पाहिलं नाहीत तिचं. लग्नबिग्न करायचंय का, उस्ता?"

"तौबा, तौबा," वागदी म्हणाला. मग हळूच विचारलं, "पुढचा धडा कुठला आहे?"

"जसं काही माहीतच नाही. कुटुंबाचा."

तो काउंटरपासून मागे सरला. टोपी पिळली, डोक्यावर ठेवली आणि समुद्राच्या कडेकडेने घरी निघाला. लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या, मागे फिरत होत्या. सांगायला आलेलं न सांगताच परतणाऱ्या माणसासारख्या.

कोपऱ्यावरून त्याने शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची वाटी घेतली. एकट्यापुरती. जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई रोट्या घेऊन चढत होती. वागदीने भिंतीकडे तोंड करून तिला वाट दिली. तिची पावलं वर विरली, तेव्हा त्याने दाराला किल्ली लावली.

घरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसे, दुसरीवर वाळत घातलेले मोजे. वाटी पुसून खाल्ली, रेडिओ बंद केला, खिडकीची फट कागदाने बुजवली. तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. खाली लिंबूवाल्याची हाक विरली, वर कुणाच्या तरी चपला वाजून थांबल्या, आणि फोन वाजला.

"आज तुमच्याकडे हवा कशी आहे, मिस्टर वागदी?"

मिसेस एलनचं इंग्रजी संथ होतं, शब्दाशब्दात जागा सोडणारं. मागून येणाऱ्याला चालता यावं म्हणून.

"ढग आहेत," वागदी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "वारा समुद्रावरून. उद्या कासिम येईल."

कासिम म्हणजे डिसेंबरातलं वादळ. मिसेस एलनला आता सगळ्या वादळांची नावं पाठ होती.

"इथेही समुद्र खवळलाय," ती म्हणाली. "तुम्हाला कोणती हवा आवडते?"

"वादळानंतरची सकाळ. रस्ता धुतलेला. पहिली ट्राम रिकामी. मी घंटी वाजवायचो, उगाच. तुम्हाला?"

"मला थंडी बरी वाटते. उन्हाळ्यात सगळे बाहेर पडतात, मग आपल्या घरात कुणी नाही हे फार दिसतं. थंडीत सगळ्यांचीच दारं लावलेली."

"होय. सगळ्यांची."

वागदीला खोकला आला.

"तेल कोमट करून छातीला चोळा," मिसेस एलन म्हणाली. हे पुस्तकात नव्हतं. "आणि खिडकीत बसू नका."

"नाही बसत."

"मिस्टर वागदी, आज पान उलटायला सांगितलंय. तुमची इच्छा नसेल, तर तुम्ही पुन्हा चुकलात असं मी कळवीन."

"मग तुम्हाला काढून घेतील."

"जॉर्ज चांगला आहे."

"असेल."

बाहेर वाऱ्याने कुणाच्या तरी पिंपाचं झाकण उडवलं. ते गल्लीभर वाजत गेलं. वागदीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. हे एवढं बोलणं गेलं, तर मंगळवार काय आणि शुक्रवार काय.

"उलटा," तो म्हणाला.

पान उलटल्याचा आवाज आला. मग मिसेस एलनने वाचलं, वर्गात वाचावं तसं:

"तुम्हाला भावंडं आहेत का?"

"एक बहीण. मोठी. लहानपणी तिच्याच हाताला धरून मी शाळेत गेलो."

"ती कुठे राहते?" प्रश्न पुस्तकातलाच होता. आवाज मात्र आता वाचणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता.

वागदी सावकाश बोलला. आणि त्या दिवशी त्याचं इंग्रजी कुठेही चुकलं नाही.

"माझ्या डोक्यावर. वरच्या मजल्यावर. आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही दोघांनी चारचौघांत शपथ घेतली, मरेपर्यंत एकमेकांशी शब्द बोलणार नाही म्हणून. पण शपथ अरबीत घेतली होती. तेव्हापासून आम्ही ती मोडलेली नाही. दर मंगळवारी ती मला फोन करते आणि इंग्रजीत विचारते, आज तुमच्याकडे हवा कशी आहे."