पहिली काचपट्टी

ठाण्याच्या मिठागरावर राबणारा भिवा बायकोच्या अस्थी घेऊन विद्यापीठाच्या दोन खोल्यांच्या कॅन्सर संशोधन केंद्रात आला. साल १९५३.

"बायजाच्या गालाचा तुकडा काढलेला, तो द्या. तिला अर्धीमुर्धी कशी सोडू खाडीत?"

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुकड्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याला दाखवली. "ही केंद्राची पहिली काचपट्टी. ही बघून आमची पोरं हा रोग ओळखायला शिकतात. तरी न्यायची तर न्या."

भिवा बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मिठागरावर पण तिनं कधी खाडा नाय केला."

सहा वर्षांनी केंद्राची तीन मजली इमारत उभी राहिली. उद्घाटनाला भिवाही आला. पायऱ्यांशीच त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं,

"आमची बायजा आता कंच्या मजल्यावर कामाला हाय?"