राधेचा चेहरा

प्रेमिलाबाई सांगायला तोंड उघडणार, तोच डॉक्टरांची थंड बोटं त्यांच्या गालावर आली.

“हनुवटी थोडी वर, काकू. हं, अशी.”

धंतोलीतला दवाखाना. डॉक्टर रोशनी वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. नंदनवनहून नवऱ्यानं, नानाजींनी, स्कूटरवर आणलं होतं, पण आत यायचा त्यांना धीर झाला नाही. “तूच विचारून ये वं,” म्हणाले, आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली हेल्मेटसकट बसून राहिले.

“चेहरा ताणून घ्यायचा म्हणता. कशासाठी?” डॉक्टरांनी विचारलं.

“राधेसाठी.”

डॉक्टरांचा हात थांबला.

“खडी गंमत पायली का मॅडम कधी? दिवाळी झाली का गावोगावी मंडईची जत्रा भरते, रातभर नाच-गाण्याची गंमत चालते. नत्थूजी शाहिराच्या पार्टीत तीस वर्षांपासून राधा आमच्याच घरची. आता गेल्या तालमीत नत्थूजी सगळ्यांसमोर बोलले, गाल लोंबले, ही राधा नाही, राधेची आजी दिसून राहिली. हसले सगळे. सक्करदऱ्याचं एक बावीस वर्षांचं पात्र पाहून ठेवलं त्यायनं. तवापासून घरात घास गोड लागत नाही. आरसा भिताडाकडं तोंड करून ठेवला हाये.”

“मग भांग कसा पाडता?”

“सवयीनं.”

डॉक्टर हसल्या. प्रेमिलाबाईंनी पर्समधून फोटो काढला. नाकात नथ, डोईवर माठ, डोळ्यांत खट्याळ पाणी.

“किती गोड. ओळखूच येत नाही हो.”

“रंग लागते ना तोंडाले.”

“आणि गाता पण?”

प्रेमिलाबाई जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या,

“माठ सांभाळू डोईचा का पदर सांभाळू गा,
कान्ह्या तुह्या खोडीपायी वाट कशी चालू गा.”

आवाज साधाच. पण शब्द न् शब्द तोंडपाठ. घरात दळताना, निवडताना, इतक्या वर्षांत कानांत मुरलेला.

डॉक्टरांनी मग सरळच सांगितलं. कानापुढून आणि कानामागून चीर देतात, आतला थर वर ओढतात, जास्तीची कातडी काढतात. पंधरा दिवस सूज, काळे-निळे डाग. गाल महिनोन् महिने बधिर राहू शकतात. क्वचित एखादी नस दुखावली, तर ओठ वाकडा होतो. आणि वय काही थांबत नाही.

“वाकडा?” प्रेमिलाबाईंनी विचारलं. “मंग गाणं?”

“क्वचितच, काकू. पण सांगणं माझं काम आहे. बीपी?”

“गोळी चालू हाये.”

“तंबाखू, खर्रा?”

“चालते. खर्रा.”

डॉक्टरांनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे पाहिलं. “वाटत नाही. पण महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर पूर्ण बंद. नाहीतर कातडी काळी पडून झडते.”

“सोडवीन मी.”

“बायकांचं त्यात बरं असतं. पुरुषांची दाढीची कातडी मागे सरकते, मग त्यांना कानामागेही दाढी करावी लागते.”

प्रेमिलाबाईंना हसू आलं. तोंडाला पदर लावला तरी थांबेना. मग एकदम गंभीर झाल्या. “रोज?”

“तुम्ही कशाला काळजी करता?” म्हणत डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. कपाळ, गाल, गळ्याची घडी, सगळं निरखून पाहिलं. प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले. आपला चेहरा असा ओंजळीत धरून कुणी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. घरात पाहायचं ते राधेकडेच.

“काकू, खरं सांगू? ह्या चेहऱ्याला ऑपरेशनची गरज नाही. कातडी छान घट्ट आहे. आणि माणूस दुसऱ्याच्या टोमण्यावरून टेबलावर चढलं, की चेहरा वर येतो कमी आणि मन उतरतं जास्त. शाहिरांना सांगा, राधा गालांवर नाचत नाही.”

“आज सांजच्या तालमीतच ठरणार हाये, राधा कोण.”

“मग जा. मान ताठ ठेवून जा.”

प्रेमिलाबाई उठल्या. दारात थबकल्या. आत्ता वळून सगळं सांगता आलं असतं. फोटो त्यांनी पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि जिना उतरल्या.

कडुनिंबाखाली नानाजी तसेच बसले होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

“डोकं शिजलं असन की. हेल्मेट तरी काढायचं.”

“काय म्हणली वं डॉक्टर?”

पूल उतरून येणाऱ्या बसच्या हॉर्ननं प्रेमिलाबाईंना थोडा वेळ दिला. कुठलं खरं सांगावं आणि कुठलं ठेवावं, तेवढ्यात ठरलं.

“गरज नाही म्हणे. कातडी छान घट्ट हाये.”

“असं म्हणली?”

“असंच. चांगलं दिव्याखाली पाहून म्हणली. राधा काही गालांवर नाचत नाही, म्हणली.”

नानाजींनी हेल्मेट काढलं. स्कूटरचा आरसा वळवून, किती दिवसांनी, त्यात पाहिलं. मग किक मारली.

“बस लवकर. दाढी करतो, अन् राधेचं लुगडं नेसूनच जातो तालमीले.”