कडेची खुर्ची

"डोळे मिटा आता. आणि थोडा वेळ गप्प पडून राहायचं," लेक म्हणाली. औषधाचा एक थेंब बाबांच्या कानाकडे ओघळला, तो तिने बोटाने टिपला.

"मिटतो. पण गप्प काय म्हणून? जन्मभर अंधारात गप्पच तर बसलो."

बाबा नाट्यसमीक्षक. पेपरातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुने नट अजून त्यांना रस्त्यात पाहिलं की पोट आत घ्यायचे.

"तो म्हातारा राजा," मिटल्या डोळ्यांनी बाबा सांगू लागले. "मरता मरता मिशी सुटली त्याची. पठ्ठ्याने उचलली, सेनापतीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, 'सांभाळ!' थिएटरात एक माणूस हसला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी दुसऱ्या दिवशी पेपरात हसलो."

लेकीने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. उभ्या जन्मात तिने एकदाच नाटकात काम केलं होतं. धाकट्या बहिणीचं, एकाच प्रवेशाचं. बाबांनी नायकापासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांबद्दल लिहिलं, तिच्याबद्दल अक्षर नाही. घरच्यांबद्दल लिहायचं नाही, हा त्यांचा नेम. पण बोलायला काय हरकत होती? त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. नाटकही पुन्हा केलं नाही.

आज ते डोळे मिटलेले होते. तिला धीर आला.

"बाबा, सगळ्यांत लक्षात राहिलेलं काय?"

बाबांनी उशीवर मान सरळ केली.

"एक मुलगी. भाऊ गेल्याची बातमी आईला सांगायची होती तिला. दारात आली आणि सांगेचना. आईकडे बघेना सुद्धा. प्रेक्षकांत कुठेतरी नजर लावून नुसती उभी. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं. शेवटी आईचं काम करणारी बाई न ऐकताच मटकन खाली बसली. असं थांबणं मी पुन्हा पाहिलं नाही."

"कोण होती ती?"

"घरच्यांबद्दल बोलायचं नाही. उघडू का आता डोळे?"

लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबांचा चेहरा इतका निवांत होता, की तिने ते परत गिळलं. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

लेकीचं ते एकुलतं नाटक झालं होतं, त्याच थिएटरात शोकसभा झाली. पडदा पडताच निघून छापखाना गाठता यावा म्हणून बाबा कायम रांगेच्या कडेच्या खुर्चीवर बसायचे. गर्दी भिंतींपर्यंत उभी होती, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

लेकीला बोलायला बोलावलं. ती विंगेतून आली आणि समोर ती खुर्ची दिसली. घरून पाठ करून आणलेलं सगळं पुसलं गेलं. ती नुसती उभी राहिली. सभागृहात कुणी खोकेना. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या नटाने डोळ्यांना रुमाल लावला.

"मी थांबले नव्हते, बाबा," ती त्या खुर्चीला म्हणाली. "वाक्य विसरले होते. तुम्ही दिसलात, आणि विसरले."