तिसऱ्या रांगेतून

(तिसरी रांग)

"बोंबील असा धरतात? पूजेचं फूल हाय का ते," जमना पडद्यावरच्या नटीकडे बघत म्हणाली.

"आये, हळू."

"इथं कुणाला कळतंय."

ते खरं होतं. पोर्तुगालमधल्या त्या थिएटरात चारशे माणसं बसली होती आणि मराठी कळणारी तिघंच: मेहुल, त्याची आई आणि महोत्सवानं दिलेली दुभाषी दीपा. दीपा रुमालात तोंड खुपसून हसत होती.

(पडदा)

नऊ वर्षांचा मेहुल सातपाटीच्या किनाऱ्यावर धावतो. उघडाबंब, पुढचा दात पडलेला. "आई, आई" करत मुंबईच्या नटीला बिलगतो.

(तिसरी रांग)

छत्तीस वर्षांच्या मेहुलला घाम फुटला. बोईसरच्या केमिकल कारखान्यात तो फिटर. चाळीस फुटी टाकीवर तो बिनधास्त चढायचा. आज खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता, कारण त्याची आई हा सिनेमा पहिल्यांदाच बघत होती.

सिनेमाला सत्तावीस वर्षं झाली. गावानं पडदा बांधून दोनदा बघितला. जमनानं नाही. टीव्हीवर लागला की ती उठायची आणि वाळत घातलेले बोंबील बघायला निघून जायची. मग बाहेर पाऊस का पडत असेना.

का, ते तिनं सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. आता महोत्सवाची दोन तिकिटं आली तेव्हा बायको, हेमाली, म्हणाली, "मला विमान नको. आयेला न्या. काय ते एकदा मिटवून या."

(पडदा)

बापाची होडी निघते. नटी वाळूत उभी राहून रडते. रडते. अजून रडते.

(तिसरी रांग)

"ही जात का नाय?"

"नवरा समुद्रात गेला ना. दुःख हाय तिला."

"होडी गेली की बाई बाजाराला जाते. कालचे मासे कोण इकणार, समुद्र?"

(पडदा)

शेवटचा शॉट. फक्त मेहुलचा चेहरा. डोळे कॅमेऱ्याच्या पलीकडे काहीतरी शोधतात. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. ओठ थरथरतो. पूर्ण एक मिनिट.

ह्या मिनिटावर परदेशात लेख छापून आले. ह्याच मिनिटामुळे मेहुलला पुढे तीन दिग्दर्शकांनी बोलावलं आणि तिघांनी परत पाठवलं. "तसंच कर" म्हणायचे. त्याला ते जमायचं नाही.

(तिसरी रांग)

जमना खुर्चीत पुढे सरकली. दीड तासात पहिल्यांदा. मेहुलनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

(मंच)

टाळ्या. फुलं. पांढऱ्या दाढीचा निवेदक. दीपा मेहुलच्या शेजारी उभी राहून त्याचं बोलणं मराठीत सांगत होती.

"ह्या नजरेवर आम्ही सत्तावीस वर्षं भांडतोय. कुणी म्हणतं समुद्र, कुणी म्हणतं मृत्यू. तुम्ही काय बघत होता?"

उत्तर तयार होतं. गावाकडे शेजारी राहणाऱ्या नरहरी मास्तरांनी आठ ओळी लिहून दिल्या होत्या, मेहुलनं विमानात पाठ केल्या होत्या.

"क्षितिज," मेहुल म्हणाला.

पुढच्या सात ओळी डोक्यातून उडाल्या. खरं उत्तर मात्र लख्ख आठवत होतं. ते आईसमोर सांगायची त्याची छाती नव्हती.

(तिसरी रांग)

जमना उभी राहिली. पदर खोचला.

"क्षितिज नाय नि काय नाय," ती बाजारातल्या आवाजात म्हणाली. चारशे माना वळल्या. "मला हुडकत होता तो. शूटिंगचा शेवटचा दिस. ये म्हणाला, आये, बघायला ये. मी म्हटलं, तुझी नवी आई हाय की तिथं."

दीपानं भाषांतर केलं. निवेदकानं हळूच काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, तुम्ही कुठे होता तेव्हा?"

जमना निवेदकाकडे बघत नव्हती. ती मंचावरच्या मेहुलकडे बघत होती.

"पालघरच्या बाजारात. रुसून बसलेली. टोपलीभर पापलेट, नि सांजपर्यंत भवानी झाली नाय. गिऱ्हाईक भाव विचारायचं, नि मी त्याच्याबरोबरच्या पोराकडं बघत बसायची."