निरोगी चाळ

कांजूरमार्गच्या त्या चाळीपर्यंत कचऱ्याच्या डेपोचा धूर यायचा, म्हणूनच चंद्रप्रकाशनं ती पीएच.डी.साठी निवडली होती. विषय होता गरिबी आणि आरोग्य. पण ज्या घरात जावं तिथे सगळे ठणठणीत आणि खाऊनपिऊन सुखी! असंच चाललं तर प्रबंधाची वाट लागणार, या विचारानं तो कासावीस झाला होता.

आज मालनबाई राण्यांनी त्याला घरातली एकुलती एक खुर्ची दिली. त्यांची थोरली मंजुळा नवी साडी सावरत कांदेपोहे घेऊन आली.

"घरात कुणाला जुना आजार?" त्यानं विचारलं.

"छे हो! आमच्या घराण्यात आजार कसला तो ठाऊक नाही."

"यजमानांचा कारखाना बंद पडल्यापासून मिळकतीचं काय?"

"देवाच्या दयेनं काही कमी नाही. तुमचं सांगा ना. पगार किती?"

चंद्रप्रकाश ओशाळला. "पगार नाही, शिष्यवृत्ती आहे. तीही वेळेवर येत नाही. कांदिवलीला मित्राच्या खोलीत पथारी टाकतो. खानावळीत जेवून पोट बिघडलंय, औषध चालू आहे."

मंजुळा पदरात तोंड लपवून हसली. मालनबाईंनी सुस्कारा सोडला आणि आतल्या पडद्याकडे वळून हाक मारली,

"अवो, भायर येवा आणि मोकळेपणान खोका! ह्यो काय आमचो जावय होवचो नाय."

मग चंद्रप्रकाशकडे बघून म्हणाल्या, "हं, आता विचारा आजार. कागद पुरायचे नाहीत."